एरंड, काजू, जवस की करंज? भोसरीतल्या एका शेडसाठी तेलाची निवड

भोसरीत भाड्याने घेतलेली एक शेड, व्हॅक्यूमची सोय असलेली दोनशे लिटरची जुनी केटल, रसायनशास्त्रात एम.एस्सी. झालेली माझी भाची आणि मशिनरीचं काम हाताला असलेला तिचा नवरा. दोघांनी ठरवलंय की शेतातून किंवा झाडावरून येणारं तेल घ्यायचं आणि त्यापासून कारखान्यांना लागणारा माल बनवायचा. "मामा, कोणतं तेल धरू?" असा तिचा प्रश्न आहे. मी रेझिन आणि रंगाच्या कामात तीस वर्षं काढली. गेल्या काही वर्षांत हाच प्रश्न घेऊन आणखी तीन-चार जण येऊन गेले, म्हणून हे उत्तर तिच्यापुरतं न ठेवता सगळ्यांसाठी लिहितो आहे.

बहुतेक जण सुरुवात भावापासून करतात. आज एरंडेल किती, जवस किती, करंज किती, आणि जे स्वस्त ते घ्यायचं. माझं मत वेगळं आहे. भाव दर महिन्याला हलतो, रेणू मात्र हलत नाही. वनस्पती तेल म्हणजे ग्लिसरीनच्या कण्याला लागलेली तीन फॅटी ॲसिडं. रसायनवाला त्यात बघतो ते एवढंच, की या रेणूला धरायला जागा कुठे आहे. एरंडेलाला हायड्रॉक्सिल गट (ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी) आहे. जवसाला भरपूर दुहेरी बंध आहेत. काजूच्या टरफलातलं तेल या अर्थाने तेलच नाही, ते लांब शेपटीचं फिनॉल आहे. करंजाच्या तेलाला अशी खास जागा जवळपास नाही. प्रत्येकाची बाजारातली लायकी इथून ठरते.

दुसरी गोष्ट पाण्याची. जुलै-ऑगस्टमध्ये पुण्यात सकाळची आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते. मे महिन्यात उत्तम जमलेला माल जुलैत बिघडतो, आणि नवीन उद्योजक पहिल्याच पावसाळ्यात हबकतो. म्हणून मी ही चारही तेलं पावसाळ्यात उभी करून बघणार आहे.

एरंडेल

एरंडेलातलं ८५ ते ९० टक्के फॅटी ॲसिड एकाच जातीचं असतं, रिसिनोलेइक. वनस्पती तेलांत इतका एकजिनसीपणा क्वचित सापडतो. त्याच्या बाराव्या कार्बनवर हायड्रॉक्सिल गट असतो, आणि तो निसर्गाने बसवून दिलेला आहे. सोयाबीन तेलात तसा गट आणायचा तर आधी दुहेरी बंधांवर इपॉक्साइड बसवायचं, मग ते उघडायचं, असे दोन टप्पे करावे लागतात. एरंडेल ड्रममधून काढलं की तयार पॉलिऑल, म्हणजे एकाहून जास्त हायड्रॉक्सिल गट असलेला रेणू आहे. करंज आणि एरंड यांची आयोडीन व्हॅल्यू, म्हणजे दुहेरी बंधांचं माप, जवळपास सारखी, ऐंशीच्या घरात. नुसता तो एक आकडा पाहणाऱ्याला दोन्ही तेलं भावंडं वाटतील. पण एरंडेलाची हायड्रॉक्सिल व्हॅल्यू, म्हणजे त्या गटांचं माप, १६० ते १६८ असते, करंजाची नगण्य. एक अल्कोहोलात विरघळतं, दुसरं नाही. एक मधासारखं जड, दुसरं साध्या तेलासारखं वाहतं.

एरंडेलापासून होणाऱ्या मालाची यादी मोठी आहे: नायलॉन ११, सेबॅसिक ॲसिड, बेअरिंगच्या लिथियम ग्रीसमध्ये जाणारं १२-हायड्रॉक्सिस्टिअरिक ॲसिड, कापड रंगवताना लागणारं टर्की रेड ऑइल. भाची ही यादी घेऊनच आली होती. तिला म्हटलं, यातलं बहुतेक काही तुझ्या शेडमध्ये व्हायचं नाही. ग्रीसच्या ॲसिडसाठी आधी दाबाखालचा हायड्रोजन आणि निकेल लागतं. सेबॅसिकसाठी तेल कॉस्टिकबरोबर अडीचशे अंशांच्या आसपास शिजवावं लागतं, आणि मागे क्षारांनी भरलेलं सांडपाणी उरतं. ही मोठ्या प्लांटची कामं आहेत, आणि एरंडाचा बहुतेक व्यवसाय आधीच गुजरातेत एकवटला आहे, कारण देशातलं बहुतांश पीकही तिथलंच.

शेडला परवडणारी वाट पॉलियुरेथेनची आहे. इलेक्ट्रॉनिक सर्किट, कॅपॅसिटर, छोटे ट्रान्सफॉर्मर, एलईडीचे ड्रायव्हर यांवर ओतायचं पॉटिंग कंपाउंड. एक भाग एरंडेल, त्यात फिलर आणि थोडा कॅटॅलिस्ट. दुसरा भाग एमडीआय, म्हणजे हायड्रॉक्सिलला धरून माल घट्ट करणारं आयसोसायनेट. हिशोब सरळ आहे. हायड्रॉक्सिल व्हॅल्यू १६३ धरली तर एरंडेलाचं इक्विव्हॅलंट वजन (एका गटामागे येणारं वजन) ५६१०० भागिले १६३, म्हणजे ३४४. पॉलिमेरिक एमडीआयमध्ये ३१ टक्के आयसोसायनेट धरलं तर त्याचं १३५ च्या आसपास. म्हणजे १०० किलो तेलाला साधारण ३९ किलो एमडीआय. एरंडेलाची लांब तेलकट साखळी पाणी झटकते, त्यामुळे घट्ट झालेला माल ओल चांगली थोपवतो, वीज अडवतो आणि थोडा लवचिक राहतो. गाडीतल्या, सतत हादरणाऱ्या सर्किटला नेमकं हेच हवं असतं. पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या पट्ट्यात असा माल घेणारे छोटे-मोठे पुरवठादार हाकेच्या अंतरावर आहेत. उन्हात मात्र हा माल पिवळा पडतो, म्हणून दिसणाऱ्या जागी तो विकू नये.

आता पावसाळा. १०० किलो एरंडेलात फक्त ०.१ टक्का पाणी असलं, म्हणजे १०० ग्रॅम, तर ते दीड किलो एमडीआय फुकट खातं आणि सुमारे १३५ लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतं. पॉटिंगमध्ये बुडबुडे येतात, वरून थर फुगतो, आणि ग्राहक सगळी लॉट परत पाठवतो. मी हे स्वतःच्या हाताने केलेलं आहे. तेल कोरडं होतं, फिलरची गोणी रात्रभर उघडी राहिली होती, आणि त्या एका गोणीने आठवड्याचं काम वाया गेलं. म्हणून तेल शंभर-एकशे दहा अंशांवर व्हॅक्यूममध्ये सुकवायचं, पाणी ०.०५ टक्क्याच्या खाली आल्याचं मोजून बघायचं, फिलर ओव्हनमध्ये ठेवायचा आणि ड्रमच्या तोंडाशी सिलिका जेलची नळी लावायची. केटलला व्हॅक्यूम आहे, त्यामुळे भाचीचं अर्धं काम झालेलं आहे.

एक गोष्ट मी हात जोडून सांगतो. एमडीआयची वाफ आणि तुषार यांनी दमा जडतो, आणि एकदा शरीर त्याला चिडलं की पुढे अगदी थोड्या मात्रेनेही त्रास होतो. एक्झॉस्ट, योग्य मास्क आणि हातमोजे यांवरचा खर्च आधी मांडा, मशीनवरचा नंतर. रिसिन या विषाबद्दल मात्र उगाच भीती असते. ते बियांच्या पेंडीत राहतं, तेलात उतरत नाही. तुम्ही तेल विकत घेणार असाल तर तो प्रश्न तुमच्यापर्यंत येत नाही. बिया स्वतः गाळायचा विचार असेल तर तो सोडून द्या.

काजूच्या टरफलाचं तेल

बिब्बा उतला की कातडीचं काय होतं ते गावाकडच्या माणसाला सांगावं लागत नाही. काजू, बिब्बा आणि आंबा एकाच कुळातले. आंब्याचा चीक ओठाला लागला की जे होतं, तेच काजूच्या टरफलातल्या तेलाने होतं, कितीतरी पट जोराने. वेंगुर्ल्यापासून चंदगड-आजऱ्यापर्यंत काजू फोडणाऱ्या बायकांच्या बोटांवर हे तेल दिसतं. म्हणूनच या तेलाबद्दल मला आदर आहे आणि सावधपणाही.

टरफलात वजनाच्या पाव भागाच्या आसपास हे तेल असतं. ताज्या तेलात मुख्यतः ॲनाकार्डिक ॲसिड असतं. ते तापवलं की कार्बन डायऑक्साइड सोडून त्याचं कार्डॅनॉल होतं. हे तापवणं जपून करावं लागतं, कारण वायूमुळे दूध उतू जावं तसं तेल फेसाळून वर येतं. कार्डॅनॉल म्हणजे फिनॉलच्या कड्याला पंधरा कार्बनची शेपटी. कडं फिनॉलसारखं वागतं: फॉर्मल्डिहाइडशी जुळतं, रेझिन बनवतं, उष्णता सोसतं. शेपटी तेलासारखी वागते: लवचिकपणा देते, पाणी झटकते. एकाच रेणूत हे दोन स्वभाव एकत्र सापडणं दुर्मिळ आहे. पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत कार्डॅनॉलपासून पॉलिमरचे मोनोमर बनवण्यावर बरंच संशोधन झालेलं आहे, आणि पुण्यात राहून हा विषय निवडणाऱ्याला ते वाचायला मिळतं, विचारायला माणसंही मिळतात. खाण्याच्या काजूच्या उद्योगात मागे राहिलेली ही वस्तू आहे, त्यामुळे ती कोणाच्या ताटातलं काढून घेत नाही. सोयाबीन किंवा जवसाबद्दल असं म्हणता येत नाही.

पुण्यासाठी दोन वाटा आहेत. पहिली ब्रेक लायनिंगची. टरफलाच्या तेलाचं रेझिन कडक करून दळलं की फ्रिक्शन डस्ट होते, ती लायनिंगमध्ये घातली की ब्रेकचं वागणं तापल्यावरही स्थिर राहतं आणि करकर कमी होते. गाड्यांच्या या शहरात ही वाट साहजिक वाटते. एआरएआयसारखी गाड्यांची चाचणी करणारी संस्थाही वेताळ टेकडीवर आहे. पण ब्रेक हा जिवाशी खेळ आहे. ग्राहक एका पुरवठादाराचा माल मान्य करायला महिनोन् महिने घेतो, आणि ते बरोबरच आहे. शेडच्या पहिल्या वर्षात एवढी वाट पाहण्याइतके पैसे नसतात.

दुसरी वाट फिनाल्कामिनची, आणि मला ती मनापासून आवडते. कार्डॅनॉल, फॉर्मल्डिहाइड आणि इथिलीनडायअमीनसारखं अमीन यांची मॅनिक अभिक्रिया केली की इपॉक्सीचा हार्डनर, म्हणजे इपॉक्सी रेझिन घट्ट करणारा घटक, तयार होतो; त्याला फिनाल्कामिन म्हणतात. साधे अमीन हार्डनर गार, ओल्या हवेत हवेतलं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड ओढून घेतात, मग फरशीवर चिकट पांढुरका थर येतो आणि वरचा कोट धरत नाही. पावसाळ्यात इपॉक्सी फ्लोअरिंगचं काम करणाऱ्या प्रत्येक ठेकेदाराला हा थर ओळखीचा आहे. फिनाल्कामिन गारठ्यात आणि ओलसर पृष्ठभागावरही बसतं, म्हणून ते जहाजांच्या रंगांत वापरलं जातं. एरंडेलाच्या पॉटिंगला जो पावसाळा मारतो, तोच पावसाळा फिनाल्कामिनला गिऱ्हाईक आणून देतो. निवड करताना मी सर्वात जास्त वेळ या मुद्द्यावर घालवला.

त्रास कुठे आहे? १०० किलो कार्डॅनॉलला ३७ टक्क्यांचं फॉर्मल्डिहाइड वापरलं तर द्रावणातलं आणि अभिक्रियेतून सुटणारं मिळून २३ किलोच्या आसपास पाणी काढावं लागतं, आणि त्यात फॉर्मल्डिहाइड व अमीनचे अंश येतात. ते गटारात सोडता येत नाही आणि सोडूही नये. पॅराफॉर्मल्डिहाइड वापरलं तर हेच पाणी ६ किलोवर येतं. ते पावडरच्या रूपात येतं आणि हाताळायला कटकटीचं आहे, तरी मी तेच निवडेन. फॉर्मल्डिहाइड कर्करोगकारक आहे, अमीन कातडी जाळतं. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीत ही अभिक्रिया स्पष्ट लिहिलेली असली पाहिजे. "तेलावर प्रक्रिया" एवढं मोघम लिहून काम सुरू करणाऱ्यांना पुढे बंदची नोटीस येताना मी पाहिली आहे. आणखी एक. टरफलं आणून तेल काढण्याच्या फंदात पडू नका. ऊर्ध्वपातन केलेलं कार्डॅनॉल ड्रममध्ये विकत घ्या. गाळण्याचं काम कोकणातच, काजूच्या शेजारी व्हावं.

जवस

जवसाच्या तेलाची आयोडीन व्हॅल्यू १७० ते २०० आणि अर्ध्याच्या आसपास फॅटी ॲसिड लिनोलेनिक, तीन दुहेरी बंधांचं. ते हवेतला ऑक्सिजन घेऊन आपोआप सुकतं आणि पापुद्रा धरतं. सुताराचं डबल बॉइल्ड तेल, खिडकीची काच बसवायची लांबी (पुट्टी), क्रिकेटच्या बॅटला चोळायचं कच्चं तेल, कलावंतांचे तैलरंग, सगळं यावर चालतं. विदर्भात आणि मराठवाड्यात हे पीक पिढ्यान् पिढ्या आहे, आणि चटणीच्या रूपाने प्रत्येक घराला माहीत आहे.

भांडवल सर्वात कमी इथे लागतं. तापवायचं भांडं, कोबाल्ट-मँगनीजचे ड्रायर (तेल लवकर सुकवणारे क्षार), गाळणी, बाटल्या. एमडीआय नाही, फॉर्मल्डिहाइड नाही. लाकूडकाम करणाऱ्यांसाठी चांगलं, प्रामाणिक, टर्पेंटाइन न मिसळलेलं तेल बनवणाऱ्याला पुण्यात ग्राहक मिळतो. पण तो एकेका बाटलीचा ग्राहक आहे, ड्रमचा नाही. खाण्यासाठीची मागणी वाढली की तेलाचा भाव चढतो, आणि रंगवाला सिंथेटिक रेझिनकडे वळतो. पावसाळ्यात सुकायला लागणारा वेळ लांबतो, फर्निचर चिकट राहतं, तक्रारी येतात.

आणि एक धोका, जो छोटा समजून सोडून दिला जातो. ज्या कारखान्यात मी नवीन लागलो होतो तिथे शनिवारी संध्याकाळी जवसाच्या तेलाने माखलेल्या चिंध्या आणि कॉटन वेस्ट एका पिंपात कोंबून सगळे घरी गेलो. तेल सुकताना उष्णता सुटते. उघड्यावर ती निघून जाते, ढिगात साठते. रविवारी पहाटे पिंप आपोआप पेटलं. शेजारी थिनरचे डबे होते. वॉचमनने वेळेवर वाळू ओतली म्हणून निभावलं. तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगतो, चिंध्या एकेक पसरून वाळवा किंवा पाणी भरलेल्या, झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात बुडवून ठेवा.

करंज

करंजावर माझं प्रेम आहे. पुण्यात कितीतरी रस्त्यांच्या कडेला ही झाडं सावली धरून उभी आहेत, आणि तेल दिव्यात, जनावरांच्या जखमांवर पूर्वापार वापरलं गेलंय. पण उद्योगाच्या दृष्टीने ते चौघांत सर्वात अवघड आहे. मुख्य फॅटी ॲसिड ओलेइक, म्हणजे धरायला जागा कमी. त्यामुळे ते इंधनाच्या किंवा साबणाच्या वाटेला जातं, जिथे किलोमागे मिळकत सर्वात कमी. राष्ट्रीय जैवइंधन धोरणात २०१८ साली डिझेलमध्ये ५ टक्के बायोडिझेल मिसळण्याचं लक्ष्य २०३० साठी ठेवलं गेलं, त्यावर भरवसा ठेवून पुष्कळ जण या तेलाकडे बघतात. अडचण बियांतच आहे. शेंगा हाताने गोळा होतात, ओल्या साठवल्या जातात, आणि ओलीने तेल फुटून मुक्त फॅटी ॲसिड वाढतं. ते जास्त असलं की अल्कलीने थेट बायोडिझेल होत नाही, साबण होतो. आधी आम्लाने एक टप्पा करावा लागतो. दोन टप्पे, मिथेनॉल, धुण्याचं पाणी, आणि शेवटी स्पर्धा पंपावरच्या डिझेलशी. भोसरीचं भाडं यातून निघणार नाही.

पेंडीत मात्र जीव आहे. करंज पेंडीत सुमारे ४ टक्के नायट्रोजन असतो आणि त्यातलं करंजिन जमिनीतलं नायट्रीकरण मंदावतं, म्हणजे खत जास्त दिवस टिकतं. गावाकडे स्वतःची झाडं, सुकवायला अंगण आणि शेजारी बागायतदार असतील तर घाणा, पेंड आणि साबण असा मेळ बसू शकतो. तेल कीटकनाशक म्हणून विकायचं असेल तर १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखालची नोंदणी आधी बघा.

सोयाबीनबद्दल भाचीच्या नवऱ्याने विचारलं, कारण त्याचं गाव लातूरकडे. इपॉक्सिडाइज्ड सोयाबीन तेल पीव्हीसीला मऊ ठेवायला लागतं, मागणी मोठी आहे. पण ते हायड्रोजन पेरॉक्साइड आणि फॉर्मिक किंवा ॲसेटिक ॲसिडवर होतं, अभिक्रिया जोरात तापते, आणि गार करण्याची सोय कमी पडली तर रिॲक्टर हाताबाहेर जातो. दोनशे लिटरच्या केटलमध्ये अननुभवी माणसाने हे करू नये. तो विषय मी तिथेच थांबवला.

मग काय धरायचं?

भाचीच्या परिस्थितीत माझं उत्तर एरंडेल आहे. व्हॅक्यूम आहे, ग्राहक दहा-पंधरा किलोमीटरवर आहेत, अभिक्रियेतून सांडपाणी जवळपास निघत नाही, आणि चूक झाली तर ती मालात दिसते. ऑक्टोबरमध्ये सुरुवात करावी. कोरडे महिने हाताशी असतात, आणि पुढचा पावसाळा येईपर्यंत सुकवण्याची शिस्त अंगवळणी पडते. दुसऱ्या वर्षी, संमती हातात आल्यावर, त्याच केटलमध्ये विकत घेतलेल्या कार्डॅनॉलचं फिनाल्कामिन. म्हणजे पावसाळ्यात एका मालाचं काम मंदावलं तरी दुसरा चालेल. मात्र आयसोसायनेट आणि अमीन एकमेकांना भेटले की क्षणात घट्ट होतात. दोन्हींचे पंप, नळ्या, डबे वेगळे ठेवावे लागतील, केटल मधे पूर्ण धुवावी लागेल, आणि एरंडेलाच्या कामात तिच्यात फक्त तेलाचा भाग सुकवावा, एमडीआय कधीच घालू नये.

तुमची परिस्थिती वेगळी असेल तर उत्तरही वेगळं. कोकणात किंवा चंदगडला घर असेल, काजूवाल्यांशी ओळख असेल आणि दोन-तीन वर्षं थांबायची ताकद असेल तर थेट कार्डॅनॉलपासून सुरुवात करा; लांबच्या पल्ल्यात या चौघांत ते सर्वात मोलाचं आहे असं मला वाटतं. एकट्याने, घरातल्या पैशांत, नोकरी सांभाळून करायचं असेल तर जवस. पीएच.डी. करण्यासाठी विषय शोधत असाल तर पुन्हा काजू, कारण त्यात अजून खूप काही करायचं बाकी आहे. तेल-तंत्रज्ञानाचं रीतसर शिक्षण घ्यायचं असेल तर १९४२ पासून उभी असलेली नागपूरची लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट (आता विद्यापीठ झालेली), मुंबईची आयसीटी (इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी) आणि जळगावचा विद्यापीठ विभाग बघून या.

भाचीने मिक्सिंग मशीनची किंमत काढून आणली होती. ती खरेदी मी पुढे ढकलायला सांगितली. आधी पाणी मोजायचं कार्ल फिशर यंत्र घ्यायचं, जुनं असलं तरी चालेल. तोपर्यंत नमुने बाहेरच्या लॅबमध्ये मोजून घेऊ. रविवारी एक यंत्र बघायला आम्ही तिघं जाणार आहोत, आणि बरोबर एरंडेलाचे दोन नमुने नेणार आहोत, एक सुकवलेला आणि एक ड्रममधून तसाच काढलेला.